नाण्यांतील चूक व परीक्षकाची चूक

मराठी भाषेनें नाण्याची पारख व माणसाची पारख हीं दोन कामें एकाच शब्दसंग्रहावर चालविलीं आहेत. भरंवशाचा माणूस 'बंदा रुपया' असतो. पोकळ माणूस वाजवून पाहिला म्हणजे 'बद्द' वाजतो. आणि घराण्याच्या अब्रूला लागतो तोहि 'बट्टा'च. हे वाक्प्रचार ज्या काळांत रूढ झाले त्या काळीं एकाच पेठेंत निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. सराफानें किंवा पोतदारानें नाणें बोटावर तोलून, वाजवून, प्रसंगीं त्यावर छिन्नीची बारीक खूण पाडून पाहिल्यावांचून भरणा पुरा होत नसे, आणि बट्टा हा भाषेचा अलंकार नसून खिशांतून खरोखर जाणारा पैसा होता. त्या पारख्याला नाण्यांत खोट दिसली कीं नाण्याची किंमत उतरे. आज नाण्यांच्या हौशी संग्राहकांत याच्या नेमकें उलट घडत आहे. टांकसाळीच्या हातून चूक झालेलें नाणें दाखवा, कीं त्याची किंमत चढते. जितकी चूक विचित्र तितकी बोली मोठी.

या पालटाविषयीं आमची तक्रार नाहीं. दुर्मिळ वस्तूची हौस माणसाला पूर्वींपासूनच आहे, आणि लाखों सारख्या नाण्यांत वेगळें पडलेलें एखादें नाणें जपून ठेवावेंसें वाटणें यांत गैर कांहीं नाहीं. आमचा आक्षेप आहे तो या हौसेच्या मागोमाग जें लेखन व जो उपदेश वाढला आहे त्यावर. नाण्यांतील चुका कशा ओळखाव्या हें शिकविणाऱ्या ज्या याद्या व टिपणें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांतील बहुतेकांचा रोख एकच आहे : विचित्र दिसेल तें शोधा. नेहमीचें नाणें कसें असतें, तें कसें तयार होतें, कोणत्या काळीं कोणत्या टांकसाळीचा रिवाज काय होता, हें सांगण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. व्याकरण न शिकवितां अशुद्धें काढावयास शिकविणाऱ्या पंतोजीसारखीच ही तऱ्हा झाली. आमच्या मतें 'चूक' ही नाण्याच्या अंगावर दिसणारी खूणच नव्हे. तें नाणें कसें घडलें व घडविणाराच्या मनांत काय होतें याविषयीं परीक्षकानें दिलेला तो निवाडा आहे. निवाडा देणाऱ्याच्या अंगीं जी जबाबदारी असावी लागते ती या लेखनांत आढळत नाहीं, आणि तिच्या अभावीं काय घडतें याचा अनुभव आम्हांला स्वतःला आला आहे. तो पुढें यथास्थळीं सांगूं.

आम्ही राहतों त्या बदलापुराहून गाडीनें अंबरनाथ जवळच. तेथील वालधुनीकांठचें शिवालय वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्याच्या भिंतींवरील शिल्पें पाहावयास लोक लांबून येतात. पण या मंदिराचा काळ ज्या शिलालेखावरून ठरला त्याची हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांपैकीं मुम्मुणि ऊर्फ माम्वाणि याच्या वेळचा हा लेख. त्यांतील शकाचा आंकडा डॉ. भाऊ दाजी यांनीं प्रथम ७८२ असा वाचला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असा लाविला, आणि आज सर्वमान्य असलेला मंदिराचा काळ, म्हणजे इ. स. १०६०, हा त्याच वाचनाचा. एका आंकड्यानें दोनशें वर्षांचा फरक पडला. दगड झिजलेला, अक्षरांचें वळण जुनें; वाचकाची फसगत होणें स्वाभाविक होतें. पण लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ७८२ हा आंकडा गृहीत धरून चालणाऱ्याला लेखांतील राजाचें नांव कालक्रमांत बसविणें कठीण. आणि अशा वेळीं "कोरणाराच चुकला असेल" असें म्हणून मोकळें होण्याचा मोह कोणासहि व्हावा. कोरणारा चुकला नव्हता. चूक वाचनाची होती, आणि ती ज्यानें दुरुस्त केली त्यानें भाऊ दाजींच्याच हाताखालीं काम केलेलें होतें. नाण्यांच्या परीक्षकानें आपल्या टेबलावर ही गोष्ट लिहून ठेवावी. एखादें अक्षर, आंकडा किंवा ठिपका आपल्याला लागत नाहीं, एवढ्यावरून तो लिहिणाऱ्याची चूक ठरत नाहीं.

याच शिलाहारांच्या घराण्यांत मुम्मुणीच्या आधीं त्याचा भाऊ छित्तराज गादीवर होता. त्याच्या नांवाचीं, नागरी अक्षरें असलेलीं नाणीं मिळालीं आहेत, आणि तीं ज्या जातीचीं आहेत तिला 'गधैया' म्हणतात. पहिल्यानेंच पाहणारा मनुष्य हें नाणें हातांत घेऊन बुचकळ्यांत पडतो. एका बाजूस कांहीं ठिपके, एक वांकडी जाड रेघ, कानासारखें कांहीं. दुसऱ्या बाजूस आडव्या रेघांची व टिंबांची उतरंड. ठसा बिघडला असावा, नाहीं तर कारागीर अडाणी असावा, असेंच त्याला वाटतें. वस्तुतः तो एका राजाचा मुखवटा आहे. इराणच्या सासानी घराण्यांतील पेरोझ नांवाचा राजा इ. स. च्या पांचव्या शतकांत होऊन गेला. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस मुकुटधारी मुख व दुसऱ्या बाजूस अग्निवेदी असे. हूणांबरोबर तीं नाणीं हिंदुस्थानांत आलीं, येथील लोकांच्या ओळखीचीं झालीं, आणि मग पश्चिम हिंदुस्थानांत कित्येक शतकें त्यांच्या नकलांवर नकला निघत राहिल्या. प्रत्येक ठसे खोदणाऱ्यापुढें पेरोझ नव्हता. त्याच्या पूर्वीच्या कारागिरानें खोदलेलें चित्र होतें. नाक रेघ झालें, मुकुट टिंबें झाला, वेदी उतरंड झाली. हिला चूक म्हणावें काय ? मूळ चित्राशीं ताडून पाहिलें तर पदोपदीं चूक आहे. पण छित्तराजाच्या टांकसाळींतील माणसानें जें करावयाचें होतें तें अगदीं बिनचूक केलें. लोकांना ओळखीचें वाटेल, हातांत घेतांच चालेल, असें नाणें त्याला पाडावयाचें होतें. पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांच्या हातून ज्याप्रमाणें पाठ हळूहळू बदलतो त्याप्रमाणें हें चित्र बदललें; आणि अशा बदलाचा दोष शेवटच्या लेखकाच्या माथीं मारतां येत नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचें आहे. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर शिवछत्रपतींच्या नांवाचे सोन्याचे होन व तांब्याच्या शिवराया निघाल्या. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशीं अक्षरें असतात. हीं नाणीं महाराजांच्या पश्चात् दीर्घकाळपर्यंत, अनेक ठिकाणीं, अनेक कारागिरांच्या हातून पाडलीं गेलीं. त्यामुळें आज मिळणाऱ्या शिवरायांत ऱ्हस्व-दीर्घाचे, अक्षरवळणाचे व ओळींच्या मांडणीचे असंख्य भेद आढळतात. कित्येकांवर अर्धेंच 'छत्र' उमटलेलें असतें, कोठें 'श्री' कडेबाहेर गेलेली असते. "अक्षरें तुटलेली दुर्मिळ शिवराई" असें म्हणून ती विकावयास ठेवलेली आम्हीं पाहिली आहे. हें अज्ञान आहे. त्या काळीं तांब्याच्या तुकड्यावर ठसा ठेवून हातोड्याचा घाव घालीत. ठसा पुष्कळदां तुकड्याहून मोठा असे. सबंध मजकूर प्रत्येक नाण्यावर यावा अशी अपेक्षा टांकसाळवाल्याचीहि नव्हती व घेणाऱ्याचीहि नव्हती. जेथें अपेक्षाच नाहीं तेथें तिचा भंग कसला ?

शुद्धलेखनाचेंहि तेंच. ठसे खोदणाऱ्या तांबटापुढें किंवा सोनारापुढें शुद्धलेखनाचे छापील नियम नव्हते. आम्ही ज्या लेखनपद्धतीनें हा लेख लिहीत आहों, ती पाहून आमचे विद्यार्थी हंसतात. 'नाणें' या शब्दावरील अनुस्वार न दिल्यास एकेकाळीं गुण कापले जात. १९६२ चे नियम झाल्यावर तोच अनुस्वार दिल्यास गुण कापले जाऊं लागले. शब्द तोच, लिहिणारा तोच, निवाडा मात्र उलटा. तेव्हां चूक ठरविण्यापूर्वीं कोणत्या काळचा नियम लावावयाचा हें आधीं ठरवावें लागतें. शिवराईला आजच्या टांकसाळीचा नियम लावणारा परीक्षक तिच्यावर अन्याय करतो.

मग खरी चूक ओळखावयाची कशी ? यंत्रावर पाडलेल्या नाण्यांबद्दल मात्र हा प्रश्न नीट विचारतां येतो, कारण तेथें प्रत्येक नाणें दुसऱ्यासारखें असावें अशी प्रतिज्ञाच असते. आपल्याकडे मुंबईच्या कोटांतील वाफेच्या यंत्रांची टांकसाळ १८२९ च्या सुमारास उभी राहिली, तेव्हांपासून पश्चिम हिंदुस्थानांत हा प्रश्न लागू पडतो. यंत्राचें काम थोडक्यांत असें : धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापून काढतात, चकतीची कडा किंचित् उचलून घेतात, मग ती दोन ठशांच्या मध्यें, भोंवतीं पोलादी कडें बसवून, दाबाखालीं धरतात. एका दाबांत दोन्ही बाजू व कांठ तयार होतो. म्हणून चुका तीन जागीं होऊं शकतात : चकतींत, ठशांत व दाबांत.

पट्टी नीट पुढें सरकली नाहीं तर चकती आधींच्या भोकावर कापली जाते, आणि नाण्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा नाहींसा होतो. ही चूक खरी असेल तर तुकडा गेलेल्या जागेच्या बरोबर समोरचा कांठहि कमजोर उमटलेला असतो, कारण कडा उचलतांना त्या ठिकाणीं चकतीला दाबच मिळालेला नसतो. कानशीनें कापलेल्या नाण्यांत समोरचा कांठ ठणठणीत असतो. लबाडी तेथेंच उघडी पडते. ठसा तडकला तर नाण्यावर उठावाची रेघ येते, ठशांत वंगण व धूळ भरली तर एखादें अक्षर येतच नाहीं. दाबाच्या वेळीं चकती सरकली तर चित्र एका बाजूस जातें. आधींचें नाणें ठशालाच चिकटून राहिलें तर पुढच्या चकतीच्या एका बाजूवर नेहमीचें चित्र व दुसऱ्या बाजूवर तेंच चित्र उलटें व खोलगट उमटतें. या शेवटच्या प्रकाराला आपल्याकडील संग्राहक 'लखी' म्हणतात आणि त्याचा मोठा बोलबाला आहे. दोन नाणीं पकडींत एकमेकांवर दाबून घरच्या घरींहि असा ठसा उठवितां येतो. पण मग पाठीमागची बाजू चेपल्यावांचून राहत नाहीं.

या सर्वांच्या मुळाशीं एकच साधा नियम आहे. ठशांत जें खोल तें नाण्यावर उंच, व ठशांत जें उंच तें नाण्यावर खोल. म्हणून नाण्यावरील उठावाची रेघ टांकसाळींतून आलेली असते, आणि खोल ओरखडा बहुधा नंतरच्या व्यवहारांतला असतो. हा नियम आम्हांला पुष्कळ वर्षांपूर्वीं कळला, व तो कळल्याचा आम्हांस जरा गर्वहि झाला होता.

बनावट चुकांसंबंधीं आम्हांला खरें शिक्षण मिळालें तें ग्रंथांतून नव्हे. अंबरनाथ हें कारखान्यांचें गांव. यंत्रांची अवजारें करणाऱ्यांची एक पिढीच तेथें राहून गेली. आमचे एक शेजारी आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेले. कोणीसें आम्हांस दोन्ही बाजूंस छापच असलेलें एक नाणें दाखविलें, तें आम्हीं कौतुकानें त्यांच्या हातांत दिलें. त्यांनीं चष्मा लावला, नखानें कडेच्या आंतल्या बाजूस एकदां फिरवून पाहिलें, फरशीवर तें टाकलें, आणि म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हें बद्द वाजतंय. एकाची वाटी कोरलीय, दुसऱ्याची चकती करून आंत बसवलीय. काम मात्र चांगल्या हाताचं आहे." आम्हीं तो वाक्प्रचार वर्गांत शेंकडों वेळां समजावून सांगितला होता, तो कानानें ऐकण्याची ती पहिलीच वेळ. टांकसाळीच्या यंत्रांत वरचा व खालचा ठसा बसविण्याची रचना बहुधा निराळी असते, त्यामुळें एकाच बाजूचे दोन ठसे समोरासमोर येणें हें फार क्वचित् घडतें, हें आम्हांला पुस्तकानें पुढें सांगितलें. त्या वृद्ध कारागिरानें तें अर्ध्या मिनिटांत सांगितलें होतें. परीक्षकाला वस्तु कशी घडते याचें ज्ञान हवें असें आम्ही म्हणतों, तें याच अर्थानें.

चुकीच्या नांवाखालीं खपविल्या जाणाऱ्या नाण्यांत १९११ च्या रुपयाचा मान मोठा आहे. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगावरील पदकमाळेंत एक हत्ती होता. कोरतांना त्याची सोंड इतकी आंखूड उमटली कीं लोकांना तो डुकरासारखा दिसूं लागला, आणि मुसलमान समाजांत त्याविषयीं क्षोभ झाला. सुमारें ९४ लक्ष रुपये पाडले गेले होते. त्यांपैकीं ७ लक्षांच्या आसपासच बाहेर गेले, बाकीचे वितळविण्यांत आले, आणि १९१२ पासून सोंड लांब करण्यांत आली. ही हकीकत मनोरंजक आहे यांत शंका नाहीं. पण टांकसाळीनें येथें कोणती चूक केली ? चकती ठीक, ठसा ठीक, दाब ठीक. चित्रकाराच्या मनांत हत्तीच होता. चूक, म्हणावयाचीच असेल तर, ही कीं आपलें चित्र कोणाच्या हातांत जाणार आहे याचा विचार त्यानें केला नाहीं. ही वाङ्मयांतली चूक आहे, टांकसाळींतली नव्हे. आणि तिला टांकसाळीची चूक म्हणून विकणाऱ्यानें दोन निरनिराळ्या दोषांचा घोळ केला आहे.

असा घोळ केवळ संग्राहकांपुरता राहता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. दहा रुपयांच्या नाण्याची गोष्ट घ्या. कोणावर रुपयाचें चिन्ह आहे, कोणावर नाहीं. कोणावर दहा रेघा आहेत, कोणावर पंधरा. एवढ्या फरकावरून कित्येक दुकानदारांनीं व रिक्षावाल्यांनीं तें नाणें 'खोटें' म्हणून परत केल्याचा अनुभव बदलापुरापासून उल्हासनगरापर्यंत अनेकांस आला असेल. शेवटीं जानेवारी २०१८ मध्यें रिझर्व्ह बँकेला जाहीर करावें लागलें कीं तोंपर्यंत निघालेले चौदाहि नमुने खरे आहेत. ज्याला नमुना ठाऊक नाहीं त्याला प्रत्येक फरक खोटा वाटतो. आणि ज्याला लोभ सुटला आहे त्याला प्रत्येक फरक मोलाचा वाटतो. २०१२ सालचें वैष्णोदेवीचें चित्र असलेलें साधें पांच किंवा दहा रुपयांचें नाणें लाखों रुपयांना जाईल, या अफवेनें कित्येक घरांतील डबे उलटे झाले. जुन्या नाण्यांची मोठी किंमत देऊं असें सांगून आधीं 'कमिशन' व 'कर' म्हणून पैसे उकळणारे लोक निघाले, त्यांनीं रिझर्व्ह बँकेचेंच नांव घेतलें, आणि ऑगस्ट २०२१ मध्यें त्या बँकेला लोकांस सावध करावें लागलें. या ठकांचा धंदा ज्या भांडवलावर चालतो तें भांडवल म्हणजे वर सांगितलेलें लेखन होय. वेगळें दिसतें तें मौल्यवान, ही समजूत आधीं पेरली गेली. पीक दुसऱ्यानें कापलें.

पण दुसऱ्यास दोष देऊन थांबणें आम्हांस शोभणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं उल्हासनगरचा एक सिंधी विद्यार्थी आमच्या वर्गांत होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारों कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ सालीं त्या छावणीचें उल्हासनगर झालें, हें सर्वश्रुत आहे. त्या विद्यार्थ्याची आजी अशाच एका बराकींत संसार मांडलेली. येतांना तिनें गोधडीच्या शिवणींत पांच चांदीचे रुपये आणले होते. दिवाळींत लक्ष्मीपूजनाला ते निघत व पुन्हां कपाटांत जात. त्यांतला एक घेऊन तो मुलगा आमच्याकडे आला. राणीच्या मुखवट्याचा, १८६२ सालचा रुपया.

"सर, सालाजवळ हे ठिपके कसले ? बाकीच्या चारांवर नाहींत."

आम्हीं भिंग घेतलें. ठिपके उठावाचे होते. आमचा नियम आमच्या जिभेवर तयारच होता. आम्हीं सांगितलें, "उठावाचे आहेत, म्हणजे दोष ठशांतच होता. ठसा गंजून खड्डे पडले असावे. डिफेक्टिव्ह आहे, विशेष कांहीं नाहीं."

वर्षभरानें तो पुन्हां आला तेव्हां त्याच्या हातांत नाण्यांचें एक सूचिपुस्तक होतें. संकोचानें म्हणाला, "सर, ते ठिपके मुद्दाम केलेले होते."

त्याचें म्हणणें खरें होतें. १८६२ हें साल घातलेले रुपये त्या एका वर्षींच नव्हे, तर पुढें दहा-अकरा वर्षें पाडले जात होते. १८७४ पासून सालें पुन्हां बदलूं लागलीं. मधल्या वर्षांत, कोणतें नाणें केव्हां पाडलें हें आपल्यापुरतें कळावें म्हणून मुंबईच्या टांकसाळीनें सालाजवळ ठिपक्यांच्या खुणा केल्या. साल गोठवून ठेवण्याची ही रीत नवी नव्हती. बंगाल्यांत कंपनी सरकारनें शाह आलमाच्या नांवाच्या शिक्का रुपयांवर त्याच्या कारकीर्दीचें १९ वें वर्ष कित्येक वर्षें तसेंच कायम ठेविलें होतें, आणि त्याचें कारण आमच्या या लेखाच्या पहिल्या परिच्छेदांत आलेलें आहे : सराफ जुन्या सालाच्या रुपयावर बट्टा कापीत. तेव्हां त्या सालांत चूक नव्हती, ठिपक्यांत चूक नव्हती. गंज होता तो आमच्या ज्ञानावर.

आम्हीं विचारलें, तो रुपया कोठें आहे ? तो मुलगा थोडा घुटमळला. आमचा 'डिफेक्टिव्ह' हा शब्द त्यानें घरीं सांगितला होता. आजीनें अर्थ विचारला. घरांत कोणी तरी 'खोटा' असा सांगितला. खोटें नाणें लक्ष्मीपुढें ठेवावयाचें नाहीं, म्हणून त्या दिवाळींत चारच रुपये पूजेला निघाले. आणि पुढें पणतीच्या बारशाच्या वेळीं पांचवा सोनाराकडे गेला. त्यांत थोडी चांदी घालून तिला पैंजण केले. "आजीला मी सांगितलं, सर, कीं तो खरा होता. ती म्हणाली, पैंजण तर खरे आहेत ना !"

बाजारांत त्या रुपयाची किंमत फार मोठी नव्हती. १८६२ चा रुपया कांहीं अलभ्य नाहीं. परंतु गोधडींत शिवून सरहद्दीपलीकडून आणलेला तो रुपया दुसरा मिळणार नाहीं, आणि तो आमच्या एका शब्दानें गेला. आजीनें क्षमा केली असेल. ती मागावयास गेलों तेव्हां तिनें आम्हांला कोकी खाऊं घातली व त्या विषयावर बोलूंच दिलें नाहीं.

आम्हीं चुकलों कोठें, याचा पुढें पुष्कळ विचार केला. उठावाचा नियम खरा होता. पण त्यानें एवढेंच सिद्ध होत होतें कीं खूण ठशांतून आली आहे. ती ठशांत कोणी घातली कीं आपोआप पडली, या प्रश्नाला आम्हीं हातच लाविला नाहीं. त्यासाठीं आणखी तीन प्रश्न विचारावयास हवे होते. ठिपके वाटोळे, नेटके व योजलेल्या जागीं आहेत काय ? गंजाला जागेची निवड नसते. तीच खूण निरनिराळ्या ठशांवरून पाडलेल्या नाण्यांवर आढळते काय ? तडा किंवा खड्डा एकाच ठशाचा असतो. त्या ठशाच्या हजारों नाण्यांवर तो दिसेल, वाढतहि जाईल, परंतु दुसऱ्या ठशावर तो उडी मारणार नाहीं. आणि शेवटचा प्रश्न : अशी खूण करण्याचें कोणाला कांहीं कारण होतें काय ? या तिहींचीं उत्तरें मिळण्यापूर्वीं "ठाऊक नाहीं, चौकशी करून सांगतों" हें एकच उत्तर प्रामाणिक होतें. वर्गांत तीस वर्षें उभें राहणाऱ्या माणसाला तें देण्याची संवय नसते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करणारे डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांचें आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें. नाना प्रांतांच्या पोथ्या समोर मांडून पाठ ठरवितांना, पोथ्यांत आधार नसतां केवळ स्वतःच्या तर्कानें पाठ सुधारण्याचा अधिकार त्यांनीं फार थोड्या ठिकाणीं वापरला; आणि कठीण, अपरिचित पाठ दिसला म्हणजे तो लेखकप्रमाद म्हणून टाकण्याऐवजीं तोच जुना असण्याचा संभव अधिक मानला. सोपें करणारे पुष्कळ असतात, मुद्दाम अवघड करणारा विरळा, हें त्यामागचें तत्त्व. पोथीपेक्षां नाणें लहान आहे, पण तत्त्व तेंच लागू आहे. आपल्याला न लागणारी खूण दिसली तर प्रथम तिचा अर्थ शोधावा. अर्थ नाहींच असें सिद्ध झालें तर मग ती चूक म्हणावी. आणि चूक म्हटल्यावर ती चकतीची, ठशाची कीं दाबाची हें सांगतां आलें पाहिजे. तें सांगतां येत नसेल तर निवाडा झालाच नाहीं, नुसतें नांव ठेवलें गेलें.

आमच्या वाचकांच्या घरांतहि आजीच्या डब्यांत, देवघरांत, कपाटाच्या चोरकप्प्यांत अशीं नाणीं असतील. त्यांतील एखादें वेगळें दिसलें तर तें विकावयास धांवूं नये, आणि खोटें म्हणून सोनाराकडेहि देऊं नये. त्याच सालाचीं, त्याच टांकसाळीचीं आणखी चार नाणीं शेजारीं ठेवावीं, भिंग घ्यावें आणि सावकाश पाहावें. घांसूं नये, धुऊं नये. जाणत्या माणसाला विचारावें. मात्र तो जाणता लगेच उत्तर देऊं लागला, तर दुसऱ्या कोणास तरी विचारावें. त्या विद्यार्थ्याजवळ अजून चार रुपये आहेत. गेल्या दिवाळींत तो ते घेऊन आला होता. एकावरील पानांच्या माळेंत फळांची संख्या कमी-अधिक वाटते, त्याचें कारण काय, असें त्यानें विचारलें. १८४० च्या रुपयांत असे भेद आहेत हें आम्हांस ठाऊक होतें. तरी आम्हीं त्याला खुर्ची दिली, भिंग त्याच्याच हातांत दिलें, आणि आधीं तूंच मोज असें सांगितलें.